ट्रंकेच्या तळाचा उन्हाळा

गेल्या महिन्यात आमच्या पनवेलच्या जुन्या घराचा माळा रिकामा केला. घर आता पडणार, तिथे इमारत उभी राहणार. कागदपत्रांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. त्याबद्दल रडगाणे गायला आम्ही बसलेलो नाही. जिना मोडकळीला आला होता, पावसात तीन ठिकाणी बालद्या ठेवाव्या लागत, आणि त्या घराची सर्वांत जास्त आठवण ज्यांना येते ती मंडळी दुबईत आणि मुंब्र्यात राहतात. सांगायचे आहे ते माळ्यावर निघालेल्या दादीच्या ट्रंकेबद्दल.

पत्र्याची, हिरव्या रंगाची, कडी तुटलेली ट्रंक. दादी उरणकडून लग्न होऊन आली ती हीच ट्रंक घेऊन. २००५ च्या २६ जुलैला गाढीचे पाणी घरात शिरले तेव्हा खालचे कपाट, गाद्या, लग्नांचे फोटो सगळे गेले. ट्रंक माळ्यावर होती म्हणून राहिली. उघडली तर आत दोन दुपट्टे, एक जानमाज, अत्तराची रिकामी कुपी आणि तळाला वर्तमानपत्रांचा हा जाड थर.

दादीची रीत अशी होती, की दरवर्षी आगोटीच्या धांदलीत, म्हणजे मे महिना संपता संपता, ट्रंक अंगणात उन्हाला टाकायची, झटकायची, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि तळाला नवा कागद अंथरायचा. जुना कागद मात्र काढायचा नाही. "जुना काढला की कसर लागते," असे ती म्हणायची. खरे तर कसरीला जुना कागदच आवडतो. पण दादीला हे सांगायची घरात कोणाची छाती नव्हती. त्यामुळे झाले काय, की तीसेक उन्हाळ्यांचे कागद एकावर एक बसून राहिले. मुंबईचा मोठा पेपर चहाच्या दुकानात फुकट वाचायला मिळे, घरी येई ते गावातले चार पानी साप्ताहिक. नाव सांगता येत नाही, कारण ट्रंकेच्या मापाला बसावा म्हणून दादीने प्रत्येक अंकाचा माथा कापून टाकला आहे. तारीख मात्र आतल्या पानांवर कुठे कुठे राहिली.

आम्ही दोन दुपारी ते थर सोडवत बसलो. उलथन्याने अलगद उचलायचे, चिकटले असेल तिथे ओल्या फडक्याची वाफ द्यायची. घरातली मुले वाचून दाखवत होती, फुपी खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती आणि मधूनच मुलांचे उच्चार सुधारत होती.

सर्वांत वरचा अंक १९८६ च्या मे महिन्यातला. पहिल्याच पानावर पाणी. पनवेल हे तळ्यांचे गाव: वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, इस्रायल तलाव. शिवाय नगरपालिकेचे देहरंगचे धरण. तरी मे आला की पाणी एक दिवसाआड. अमुक आळीला सकाळी, तमुक नाक्याला दुपारी, पाणी उकळून प्यावे, जपून वापरावे. मुलांनी ते वाचले आणि एकमेकांकडे पाहिले. चाळीस वर्षांत नोटिशीची भाषा तेवढी जरा बदलली आहे. ही नगरपालिका १८५२ ची, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली त्याच्या एक वर्ष आधीची. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. नळाला ही बढती अजून कळलेली नाही.

त्याच अंकात कोपऱ्यात बोटभर चौकट होती: सहरीची आणि इफ्तारची वेळ. खाली एका कापड दुकानाची जाहिरात, ईदसाठी नवीन माल आला आहे. त्या वर्षी रमजान मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि पूर्ण रोजे धरायला नुकतेच लागलो होतो. मेचा रोजा म्हणजे साडेचौदा तास. दुपारी जोहरनंतर मशिदीच्या फरशीवर नुसते पडून राहायचे, कारण गावात तेवढी गार जागा दुसरी नव्हती. असरनंतर मात्र अंगात बळ येई, कारण बर्फ आणायचा असे. फ्रीज मोहल्ल्यात दोन-तीन घरी. बर्फाची लादी भुश्यात ठेवलेली, विकणारा टोच्याने तुकडा पाडून देई. तो गोणपाटात गुंडाळून घरापर्यंत पळत आणायचा. अर्धा वाटेत वितळे, भुसा तेवढा पूर्ण घरी येई. मग सब्जा घातलेले सरबत, आणि अजानीकडे लागलेले कान. ईदच्या त्याच आठवड्यात कपिलच्या संघाने लॉर्ड्सची कसोटी जिंकली; वेंगसरकरने शतक काढले होते. वेंगसरकर जन्माने राजापूरचा, म्हणजे कोकणचा, म्हणजे आमचाच, असा हिशेब मोहल्ल्यात होता.

मुलांनी इथे एक गंमत शोधून काढली. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान मागे मागे सरकत जातो आणि तेहतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. १९८६ ला मे-जूनमध्ये, तसाच २०१९ लाही. मग त्याआधी? १९५३. आणि ट्रंकेच्या अगदी तळाला जो अंक निघाला तो १९५३ चाच, दादी लग्न होऊन आली त्या वर्षाचा. अर्धा कसरीने खाल्लेला. जिल्हा तेव्हा कुलाबा, राज्य मुंबई राज्य, किंमत आण्यात. बैलगाडीच्या चाकांची जाहिरात होती. पनवेलची चाके एके काळी प्रसिद्ध होती, हे मुलांना खरे वाटेना. रमजानचा उल्लेख शोधून पाहिला, पण ते पान कसरीच्या पोटात गेले असावे. पुढचा असा उन्हाळी रमजान २०५२ मध्ये. मुलांनी लगेच आपापली वये मोजली. आम्ही मोजले नाही.

मधल्या थरांत काय नव्हते! महाड, दापोलीकडे सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या. सोन्याची अंगठी हरवली आहे, आणून देणारास योग्य बक्षीस. तळ्यात पोहायला मुलांना एकटे सोडू नये. लग्नातल्या लाउडस्पीकरबद्दल एका वाचकाचे रागावलेले पत्र, आणि पुढच्या वर्षीच्या अंकात त्याच रागाचे दुसरे. औषधांच्या जाहिराती तर असणारच. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासून पनवेलचाच. प्रबळगडाच्या बाजूने ठाकरणी करवंदे, जांभळे घेऊन येत, पानाच्या द्रोणात मोजून देत. त्यांच्याबद्दल मात्र एकाही अंकात एक ओळ नाही. ज्यांच्यावाचून आमचा मे महिना सुरू होत नसे त्यांची बातमी कधी झाली नाही.

आपल्या माणसांना शोधण्याचा मोह आम्हालाही आवरला नाही. मोहल्ला त्या पेपरात कुठे कुठे आहे, हे पाहत गेलो. जाहिरातींत आहे. क्रिकेटच्या टेनिस बॉल सामन्यांच्या निकालात आहे. निधन वार्तेत आहे. आणि १९७३ च्या मे महिन्यातल्या एका अंकात तीन ओळींत आहे: मोहल्ल्यातील विहीर पाणी भरण्यास शेजारच्या आळ्यांना खुली ठेवली असून तरुणांनी गाळ काढला. एवढेच. कोणाचे नाव नाही. १९७२ च्या पावसाने दगा दिला होता. देशावर माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. कोकणात तसे हाल नव्हते, पण रेशनवर लाल मिलो मिळत होता आणि विहिरी लवकर आटल्या होत्या. फुपीला ती विहीर लख्ख आठवत होती. रात्री दोन वाजता बायका हंडे घेऊन रांगेत बसायच्या, कोणाच्या हातावर मेंदी, कोणाच्या कपाळावर कुंकू, आणि भांडण झाले तर ते हंड्याच्या नंबरावरून. हे पेपरात कसे येणार? मोठ्या अक्षरांच्या मथळ्यात मोहल्ला एकदाही सापडला नाही. आजचे पेपर पाहता ते बरेच होते, असे आमचे मत आहे.

त्या अंकावर दुसरा अंक चिकटलेला होता, तोही १९७३ चाच. इथे आम्ही थांबलो. दादी वर्षाला एकच कागद घालायची. आणि हा अंक मेचा नव्हता. जून निम्मा उलटून गेल्यावरचा होता. मिरग लागून गेलेला, पाऊस सुरू झालेला, ट्रंक आवरून माळ्यावर गेलेली. भर पावसात ट्रंक खाली उतरवून पुन्हा कागद घालण्यासारखे काय झाले होते?

पान तिसरे. शालान्त परीक्षेचा निकाल. तेव्हा ही परीक्षा अकरावीची असे. दहावीची झाली १९७५ पासून. मोठ्या पेपरात नुसते आसनक्रमांक छापून येत, हजारोंनी, मुंगीएवढ्या अक्षरांत. गावातल्या साप्ताहिकात मात्र नावे येत, शाळेप्रमाणे. धाकटी वाचत होती. मुलींच्या यादीत एक नाव वाचून तिने खुर्चीकडे पाहिले. "फुपीदादी, हे तुझे नाव आहे का? पण चुकीचे लिहिले आहे."

चुकीचेच होते. जुळाऱ्याने नावातल्या 'निसा'चे 'निशा' केले होते. आमच्या नावांचे असे हाल त्या पेपरात पदोपदी आहेत. नावापुढे काळा ठिपका होता. आधी वाटले शाई सांडली. बोट लावले तर बोटाला काळे लागले.

फुपीने सूप खाली ठेवले. कागद हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "हे काजळ आहे."

फुपी शालान्त पास झालेली आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होती ती शिवणकाम करणारी, रेशनचे आणि बँकेचे फॉर्म साऱ्या मोहल्ल्याला भरून देणारी फुपी. तिने तुटक तुटक सांगितले ते असे. निकाल लागला त्या दिवशी तिने पेपर आणून वडिलांपुढे ठेवला. त्यांनी पाहिला, शाबास म्हणाले, आणि कॉलेजचा विषय निघाला तेव्हा नाही म्हणाले. कॉलेज लांब होते असेही नाही. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले कॉलेज पनवेलातच होते, चालत जाता आले असते. त्याच वर्षी वाशीचा पूल सुरू झाला. त्याआधी मुंबईची मोटार ठाणे, मुंब्रा, शिळफाटा करून यायची. "मुंबई जवळ आली असे सगळे म्हणत होते," फुपी म्हणाली. "माझे कॉलेज गावात असून लांब गेले." पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

"आणि दादी काही बोलली नाही?"

"आई? आई बोंबील वाळत घालत होती, कौलावर पाऊस वाजायला लागला होता, ती सुकट उचलायला धावली. मला वाटले तिला काही कळलेच नाही. तिला मराठी कुठे वाचता येत होते? पेपर दुसऱ्या दिवशी दिसला नाही. मला वाटले, अब्बांनी रद्दीत टाकला."

दादीला कुराण शरीफ वाचता येई, थोडे उर्दू येई, मराठी अक्षर ओळखता येत नसे. म्हणजे ते पान घेऊन ती कोणाकडे तरी गेली असणार. आमची मुलगी यात कुठे आहे ते दाखवा, असे म्हणाली असणार. कदाचित शेजारच्या मास्तरीणबाईंना, कदाचित आणखी कोणाला. त्यांनी बोट ठेवले तिथे तिने खूण केली, पुन्हा सापडावे म्हणून. पेन्सिल घरात होती. तिने काजळ लावले.

फुपी बराच वेळ काही बोलली नाही. आम्हीही नाही. आम्ही दादांच्या बाजूने दोन शब्द बोलायला तोंड उघडले होते, काळच तसा होता वगैरे. पण फुपीकडे पाहून मिटले. काळ तसा होता हे खरे, पण त्याच यादीत मोहल्ल्यातले आणखी एक मुलीचे नाव आहे आणि ती पुढे शिक्षिका होऊन निवृत्त झाली, हेही खरे.

बाकीचे अंक आम्ही सुकवून, वर्षाप्रमाणे लावून दप्तरात बांधले आहेत. वाचनालयाने घेतले तर देणार, नाहीतर ठेवणार. ट्रंक भंगारवाल्याने मागितली होती, धाकटीने दिली नाही.

ते एक पान फुपीने आपल्याकडे घेतले. घेण्याआधी धाकटीकडून बॉलपेन मागितले, कागद मांडीवर पाटावर नीट पसरला, आणि छापलेल्या 'शा'वर काट मारून वर लहानसा 'सा' लिहिला. काजळाला हात लागू दिला नाही.