बाळंतिणीच्या मनाचा सवाल



मोर्च्यात घसा फोडणारा पोरगा घरी बायको बाळंत होऊन मुकी झाली, लेकराला जवळ घेईना झाली, की म्हणतो, 'बाहेरचं लागलंय.' मग देवऋषी, अंगारा, लिंबू. बाबासाहेबांनी ज्या देवांना आपल्या घरातून हाकललं, ते बाळंतिणीच्या खाटेखालून परत आत शिरतात.

बाहेरचं काही लागत नसतं. लागतं ते घरातलंच. गोव्यात २७० आयांची पाहणी झाली, २००२ साली ती छापून आली. बाळंत होऊन सहा-आठ आठवडे झालेल्या शंभरातल्या २३ जणी नैराश्यात होत्या. त्यामागं काय निघालं? पोटाची आबाळ, नवऱ्याचा मार, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. भूत असलंच तर ते हे.

याला उतारा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत गरोदरपणीच खचलेल्या बायांच्या घरी गावातल्या आरोग्यसेविका जाऊन बसल्या. डॉक्टर नव्हेत, साध्या शिकलेल्या बाया. शेवटच्या महिन्यापासून बोलणं, ऐकणं, सासू-नवऱ्यालाही सामील करून घेणं. २००८ साली निकाल छापला गेला : सहा महिन्यांनी अशा बायांत नैराश्य २३ टक्के, बाकीच्यांत ५३.

बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, हे बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले. २०१७ साली पगारी रजा २६ आठवडे झाली. पण धुणंभांडं करणारीला, बिगारी बाईला ती कोण देणार? तिच्यासाठी भांडायचंच. तोवर वस्तीनं हात बांधून बसायचं काय?

गोदीत बोजा जड असला की चौघं हात लावतात. इथं मात्र सगळा बोजा एकटीच्या डोक्यावर.

म्हणून प्रत्येक शाखेनं हे काम घ्यावं. वस्तीत कुणाला सातवा लागला की दोन जाणत्या बायांनी आठवड्याला तिच्याकडं जावं. झोप तुटेल, रडू येईल, पोर लगेच अंगावर पिणार नाही, यात तुझा गुन्हा नाही, हे आधीच सांगावं. नवऱ्याला समोर बसवावं : पाणी तू भरायचं, रात्री पोर तू घ्यायचं, हात उचललास तर गाठ आमच्याशी. पंधरा दिवस उदासी हटली नाही तर तिला सरकारी इस्पितळात न्यावं. जीव द्यायची भाषा केली तर त्याच दिवशी, आणि क्षणभरही एकटी सोडू नये.

ज्याला हे बायकी काम वाटतं त्यानं आपला झेंडा खाली ठेवावा.

जय भीम.