कुटिन्होच्या माथी मारलेली किंमत

फिलिप कुटिन्हो हे नाव निघाले की फुटबॉलवर बोलणारे बहुतेक जण आधी एक आकडा सांगतात. जानेवारी २०१८ मध्ये बार्सिलोनाने त्याला लिव्हरपूलकडून घेतले, तेव्हा १२ कोटी युरो ठरलेले आणि अटी पूर्ण झाल्या तर आणखी ४ कोटी, अशी रक्कम सगळीकडे छापून आली होती. त्यानंतर चार वर्षांनी बार्सिलोनाने त्याला सुमारे २ कोटी युरोंना ॲस्टन व्हिलाला विकले. या दोन आकड्यांमधली दरी दाखवून त्याच्या कारकिर्दीचा निकाल लावला जातो आणि खर्चिक अपयशांच्या प्रत्येक यादीत त्याचे नाव वरच्या ओळीत येते. हा निकाल मला चुकीचा वाटतो. ती किंमत कुटिन्होने ठरवली नव्हती. घाबरलेल्या एका क्लबने, खेळाडू कुठे खेळवायचा याचा विचार पक्का न करता, ती मोजली. त्या निर्णयाचा हिशेब त्या क्लबच्या चालकांकडे मागायला हवा होता. तो मागितला गेला मैदानावरच्या खेळाडूकडे.

हे पटण्यासाठी आधीची दहा वर्षे पाहावी लागतात. रिओ द जानेरोच्या वास्को द गामामध्ये घडलेल्या या मुलाला इंटर मिलानने २००८ मध्ये, तो सोळा वर्षांचा असतानाच करारबद्ध केले. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबकडे जाण्यास फिफाचे नियम आडवे येतात, म्हणून तो २०१० पर्यंत वास्कोकडेच खेळला. इटलीत पोचला तेव्हा इंटरने नुकतीच एकाच हंगामात तीन मोठी अजिंक्यपदे जिंकली होती, आणि ती जिंकून देणारे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो निघून गेले होते. पुढच्या अडीच वर्षांत कुटिन्होने बेनिटेझ, लिओनार्दो, गास्पेरिनी, रानिएरी आणि स्ट्रामाचोनी असे पाच प्रशिक्षक पाहिले. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूला त्याची जागा सापडावी, अशी ती परिस्थिती नव्हती. मधल्या काळात अर्धा हंगाम तो स्पेनच्या एस्पान्योलकडे लोनवर गेला, तेव्हा तिथे मॉरिसिओ पोचेटिनो प्रशिक्षक होते; त्यांनी विश्वास टाकला आणि त्याने सोळा सामन्यांत पाच गोल केले. जानेवारी २०१३ मध्ये लिव्हरपूलने त्याला ८५ लाख पौंडांत घेतले. एवढ्या किमतीचा खेळाडू चुकला तरी कुणाची झोप उडत नाही. म्हणूनच त्याला वेळ मिळाला.

लिव्हरपूलमध्ये त्याने पाच वर्षांत २०१ सामने खेळून ५४ गोल केले. डाव्या बाजूने चेंडू घेऊन आत वळायचे, उजव्या पायाने पंचवीस यार्डांवरून वळणदार फटका मारायचा आणि चेंडू गोलखांबाच्या कोपऱ्यात शिरताना पाहायचा, हे त्याचे दृश्य ॲनफिल्डच्या प्रेक्षकांना पाठ झाले होते. यॉर्गन क्लॉप आल्यानंतर हे आणखी जमून आले. क्लॉपच्या संघात पुढे धावणारे आणि चेंडू हिसकावणारे भरपूर होते, त्यामुळे कुटिन्होला जोखमीचा पास द्यायची आणि दुरून गोलावर फटका मारायची मुभा होती. चेंडू गेला तर तो परत मिळवायला इतर होते. त्याची गुणवत्ता खरी होती, पण ती विशिष्ट मांडणीत फुलणारी होती. त्याला विकत घेणाऱ्याने हीच गोष्ट सर्वांत आधी ओळखायला हवी होती.

बार्सिलोनाने काय केले ते पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिस सां-जर्मेनने २२ कोटी २० लाख युरोंची करारमुक्तीची रक्कम भरून नेमारला नेले. अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेऊ यांच्यापुढे दोन संकटे एकदम उभी राहिली: जगातल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंपैकी एक गेला, आणि क्लबच्या खिशात किती पैसे आहेत हे साऱ्या युरोपला कळले. अशा वेळी कोणताही विकणारा भाव वाढवणारच. त्याच महिन्यात उस्मान डेम्बेलेसाठी १० कोटी ५० लाख युरो आणि वर अटींची रक्कम देण्याचे ठरले. पाठोपाठ जानेवारीत कुटिन्हो आला. त्याच्या करारात ४० कोटी युरोंचे करारमुक्तीचे कलम घालण्यात आले. इतक्या मोठ्या आकड्यांच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला: हा खेळाडू कुठे खेळणार? डावीकडे पुढे डेम्बेलेला जागा हवी होती आणि मागून जोर्दी अल्बा धावत येत असे. मधल्या मोकळ्या जागेवर लिओनेल मेस्सीचा हक्क होता, तो असायलाही हवा होता. उरली आंद्रेस इनिएस्टाची जागा. पण इनिएस्टाचे काम चेंडू सांभाळण्याचे, सामन्याची गती हातात ठेवण्याचे. कुटिन्होचा स्वभाव जोखीम घेण्याचा. दोघेही तंत्रकुशल असले तरी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे त्यांच्यात काही नव्हते.

खेळाडूच संपला होता असे म्हणणाऱ्यांनी २०१८ च्या विश्वचषकाकडे पाहावे. बार्सिलोनात आल्यावर पाच-सहा महिन्यांतच रशियात तो ब्राझीलचा सर्वांत प्रभावी खेळाडू ठरला. स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने आपल्या ठेवणीतल्या वळणदार फटक्याने गोल केला, कोस्टारिकाविरुद्ध भरपाई वेळेत कोंडी फोडली, सर्बियाविरुद्ध पॉलिन्योला गोलाचा पास दिला. पाय तेच होते, वयही तेच. फरक होता तो प्रशिक्षक टिटे यांनी त्याला दिलेल्या भूमिकेत. आणि खुद्द बार्सिलोनातले आकडेही त्याच्याविषयी जे बोलले जाते त्याला साथ देत नाहीत. लिव्हरपूलमध्ये तो साधारण पावणेचार सामन्यांमागे एक गोल करत होता. बार्सिलोनात त्याने शंभराहून थोडे अधिक सामने खेळले आणि पंचवीसच्या घरात गोल केले, म्हणजे चार-सव्वाचार सामन्यांमागे एक, तेही मेस्सी आणि लुइस सुआरेझ पुढे असताना. घसरण आहे, पण किरकोळ. पौंडांतला आकडा ८५ लाखांवरून चौदा कोटींच्या पुढे गेल्यावर मात्र तोच गोल कुणाला पुरेसा वाटेना. प्रेक्षक त्याच्यासमोर शिट्ट्या वाजवू लागले. एप्रिल २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दुरून अप्रतिम गोल केल्यावर त्याने कानांत बोटे घातली आणि स्वतःच्याच प्रेक्षकांचा रोष आणखी वाढवून घेतला. तीन आठवड्यांनी ॲनफिल्डवर बार्सिलोना ४-० असा कोसळला. साठाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढले गेले.

यापुढची गोष्ट फुटबॉलची कमी आणि जमाखर्चाची जास्त आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम क्लबच्या हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. कुटिन्होचा करार साडेपाच वर्षांचा होता. १२ कोटी धरले तरी वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख युरो पडतात, म्हणजे २०१९ च्या उन्हाळ्यात वहीत अजून पावणेनऊ कोटींच्या आसपास शिल्लक होते. त्याहून कमी भावात विकले तर मधला फरक त्या वर्षीचा तोटा म्हणून दाखवावा लागतो. म्हणून तो खेळवावासा वाटत नव्हता आणि विकताही येत नव्हता. तोडगा निघाला तो बायर्न म्युनिकला लोनवर देण्याचा: ८५ लाख युरो भाडे, पगार बायर्नने द्यायचा आणि पुढे हवा असल्यास १२ कोटींना विकत घ्यायचा. बायर्नने तो पर्याय वापरला नाही, यात आश्चर्य कसले? त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाने आंत्वान ग्रीझमनसाठी पुन्हा १२ कोटी मोजले होते. चूक ओळखली गेली असती तर ती दीड वर्षात पुन्हा झाली नसती. ऑगस्ट २०२१ मध्ये नवे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी क्लबवर १३५ कोटी युरोंची देणी असल्याचे जाहीर केले आणि मेस्सीला ठेवून घेणेही क्लबला जमले नाही. ते ओझे एकट्या कुटिन्होमुळे आले असे कुणी म्हणत असेल, तर ते हिशेबाला धरून नाही.

बायर्नमध्ये असतानाच १४ ऑगस्ट २०२० ची लिस्बनमधली रात्र आली. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बायर्न ५-२ असा पुढे असताना पंचाहत्तराव्या मिनिटाला कुटिन्हो मैदानात उतरला, रॉबर्ट लेवांडोव्स्कीच्या गोलाला पास दिला आणि स्वतः दोन गोल केले. बार्सिलोना ८-२ ने हरला, त्याच खेळाडूकडून ज्याचा करार अजून बार्सिलोनाकडे होता. नऊ दिवसांनी तो युरोपचा विजेता ठरला. हरलेल्या पॅरिसच्या संघात नेमार होता. सामना आधीच जिंकलेला होता, म्हणून त्या दोन गोलांचे मोल फार धरू नये हे मान्य. तरीही त्या हंगामात बायर्नकडून त्याने अकरा गोल केले. संघातला तो पहिल्या पसंतीचा खेळाडू नव्हता, पण त्याच्याकडून तेवढ्याच कामाची अपेक्षा होती आणि ते त्याने केले.

यावर पहिला आक्षेप असा की कुटिन्हो काही बळजबरीने गेला नव्हता. हे खरे आहे. जानेवारी २०१७ मध्ये त्याने लिव्हरपूलशी पाच वर्षांचा नवा करार केला आणि त्याच ऑगस्टमध्ये क्लब सोडण्याची लेखी विनंती केली. त्यातली घाई लिव्हरपूलच्या चाहत्यांना झोंबली, ती का झोंबली हे समजण्यासारखे आहे. पण बार्सिलोनाला जाण्याची इच्छा धरणे आणि त्यासाठी किती पैसे द्यायचे हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीची जबाबदारी त्याने घ्यावी. दुसरीची त्याच्यावर टाकता येत नाही. त्याला गडगंज पगार मिळाला, मग टीका सोसायला काय हरकत, असेही म्हटले जाते. टीका व्हावीच, ती त्याच्या खेळावर व्हावी. पगार त्याला मिळाला, पण हस्तांतरणाची रक्कम लिव्हरपूलला मिळाली. प्रेक्षकांनी त्याच्याकडून वसूल करायचा प्रयत्न केला तो दुसऱ्याच आकड्याचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. किंमतच जर खेळाडूला बुडवत असेल, तर व्हर्जिल व्हॅन डाइक आणि ॲलिसन बेकर का तरले? व्हॅन डाइक साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलमध्ये आला, तेव्हा तो जगातला सर्वांत महाग बचावपटू होता. ॲलिसनच्या वेळी गोलरक्षकांमधला विक्रम मोडला. कुटिन्होच्या पैशांतून हे दोघे आले, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. ती थोडी सैल आहे, कारण व्हॅन डाइकचा व्यवहार कुटिन्होच्या आधी दहा दिवस जाहीर झाला होता. तरी तुलना योग्यच आहे, आणि ती माझ्या म्हणण्याला बळ देते. लिव्हरपूलला उंचापुरा मधला बचावपटू हवा होता, चुका न करणारा गोलरक्षक हवा होता, आणि या दोन रिकाम्या जागा कित्येक महिने सगळ्यांना दिसत होत्या. तिथे मोठी रक्कम खेळाडूच्या मानेवर बसली नाही, कारण पहिल्या दिवसापासून त्याचे काम ठरलेले होते. बार्सिलोनाने आधी नाव निवडले आणि नंतर त्या नावासाठी काम शोधले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ॲस्टन व्हिलातली उतरण बार्सिलोनाच्या माथी मारता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये, जुना सहकारी स्टीव्हन जेरार्ड प्रशिक्षक असताना, त्याने पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बरोबरीचा गोल केला. काही आठवडे जुना कुटिन्हो दिसला. पण पुढच्या हंगामात तो मागे पडला आणि जेरार्डच्या हकालपट्टीनंतर त्याला जागाच उरली नाही. २०२० च्या अखेरीस झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीने पूर्वीची धार गेली होती, हे माझे मत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मांडीच्या दुखापतीने त्याचा विश्वचषकही हुकवला. तिशी गाठलेल्या, आत वळून फटका मारण्यावर जगणाऱ्या खेळाडूचा अर्धा यार्ड वेग गेला की सगळेच अवघड होते. २०२४ मध्ये तो वास्कोकडे परतला. ही घसरण बऱ्याच आक्रमक मिडफिल्डरांच्या वाट्याला येते आणि तिला अपयश म्हणायचे कारण नाही.

या प्रकरणावरून युरोपातले क्लब काही शिकले असते तर हा लेख इतिहासाचा झाला असता. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रेंटफर्डकडून ४-० असा मार खाल्लेल्या मँचेस्टर युनायटेडने बाजार बंद होता होता अयाक्सच्या अँतोनीसाठी साडेनऊ कोटी युरो मोजले. तोही ब्राझीलचा, तोही एका ठरावीक मांडणीत चमकणारा, आणि त्याच्याही नावाआधी वर्तमानपत्रांनी किंमत छापायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये लोनवर रिअल बेटिसकडे गेल्यावर काही आठवड्यांतच त्याचा खेळ परतला, आणि बेटिस प्रथमच एका युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला.