अजून किती दिवस शोधणार?

एमएच ३७० ची बातमी पेपरात आली की आमच्याकडे कोणीतरी हमखास विचारतं, “अजून शोधतायत का ते विमान?” पुण्याचा भाचा विचारतो, धाकट्या वहिनी विचारतात, सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मैत्रिणीही विचारतात. सूर एकच. झालं ते झालं, माणसं काही परत यायची नाहीत, मग समुद्रात पैसे कशाला ओतायचे? सगळी शहाणी, व्यवहारी माणसं. माझं भांडण याच शहाणपणाशी आहे. तेव्हा आज जरा सविस्तर भांडते. कंटाळा येईल त्यांनी खुशाल दुसऱ्या ब्लॉगवर जावं :)

आधी हकिगत, कारण पुष्कळांना ती आता नीटशी आठवत नाही. ८ मार्च २०१४ च्या रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७ कौलालंपूरहून बीजिंगला निघालं. प्रवासी २२७, कर्मचारी १२. निम्म्याहून जास्त प्रवासी चिनी होते. पाच भारतीय होते, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाने नियंत्रकाला शुभरात्री म्हटलं आणि दोनच मिनिटांत विमान नियंत्रकांच्या पडद्यावरून गेलं. पुढे कळलं ते असं की विमान उलटं वळलं, मलेशिया ओलांडून पेनांगवरून अंदमानच्या बाजूला गेलं आणि मग दक्षिणेला, हिंदी महासागरात. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत ते उपग्रहाला अधूनमधून ‘मी आहे’ असं सांगत होतं. कुठे आहे ते मात्र सांगत नव्हतं.

आता त्या रात्री जमिनीवर काय चाललं होतं ते पाहा. विमान व्हिएतनामच्या हद्दीत जायचं होतं. ते बोललं नाही तर हो चि मिन्ह शहराच्या नियंत्रकांनी पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं १ वाजून ३९ मिनिटांनी. मग कंपनीने सांगितलं की विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे. ते खरोखर कुणाला दिसलं होतं का? नाही. संगणकावर आखलेल्या मार्गाप्रमाणे ते तिथे असायला हवं होतं, एवढंच. हा खुलासा झाला साडेतीनला. बचाव केंद्र जागं झालं पहाटे साडेपाचला. आणि लष्कराच्या रडारवर ते विमान २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसत होतं! आपलंच असेल म्हणून कोणी हललं नाही. दक्षिण चिनी समुद्रातला शोध बंद झाला तो १५ मार्चला, म्हणजे एक आठवडा उलटल्यावर.

दोनदा जमिनीवरून विमानाला उपग्रहामार्फत फोन लावला. एकदा २ वाजून ३९ मिनिटांनी आणि एकदा सकाळी ७ वाजून १३ मिनिटांनी. फोन उचलला नाही. या दोन वेळांच्या मधली साडेचार तास फोनही नाही. हे अहवालात कोरडेपणाने लिहिलेलं आहे. ते वाचून मी पुस्तक मिटावं तसा संगणक बंद केला होता.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. सहली नेल्या त्या मोजल्या नाहीत, पोरं मात्र मोजली. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, जेवण झाल्यावर मोजायची. एक डोकं कमी भरलं तर बस जागची हलत नसे. “बाई, बाकीची चौऱ्याऐंशी तर आहेत” असं कधी कोणा ड्रायव्हरनेसुद्धा म्हटलं नाही. आणि मोजायला कंटाळा केला असता तर मग अर्धा डोंगर पालथा घालायची वेळ आली असती, हेही सगळ्यांना कळत होतं.

म्हणून मी म्हणते, शोधाच्या खर्चाचा हिशोब उलटीकडून मांडला जातो. समुद्रात एवढं शोधावं लागलं याचं कारण जमिनीवर मोजायचा कंटाळा केला. तो खर्च हरवलेल्यांच्या नावावर का टाकता?

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं. माणसं २२८. अवशेष सापडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. खोली ३,९०० मीटर. गंमत म्हणावी की काय, शेवटच्या ज्ञात जागेपासून बारा-एक किलोमीटरवरच विमान होतं. काळ्या पेट्यांचा आवाज तिथे ऐकू आला नाही म्हणून तो भाग आधी वगळला होता. त्या दोन वर्षांत ‘आता पुरे’ म्हणणारे तिकडेही असणारच. पण फ्रान्सने चौथ्यांदा शोध घेतला आणि ३ एप्रिल २०११ ला तो लागला. पेट्या वर आल्या, माहिती निघाली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या होत्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली, वैमानिकाने विमानाचं नाक वर ओढलं आणि चार-साडेचार मिनिटांत सगळं संपलं. यावरून वैमानिकांचं शिक्षण बदललं. पेट्या मिळाल्या नसत्या तर सगळा दोष वादळाच्या माथी मारून मंडळी मोकळी झाली असती.

फ्रान्सच्या तपास संस्थेने तर विमान सापडायच्याही आधी, २००९ च्या डिसेंबरात सुचवलं होतं की पेट्यांचा आवाज तीस दिवसांऐवजी नव्वद दिवस चालावा, आणि विमानाने आपली माहिती ठरावीक वेळाने जमिनीवर पाठवण्याचा विचार व्हावा. एमएच ३७० हरवेपर्यंत चार वर्षं हातात होती. त्या चार वर्षांत बैठका झाल्या. आणि एमएच ३७० ची कथा काय? माहिती नोंदवणाऱ्या पेटीच्या आवाज देणाऱ्या यंत्राच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपलेली होती! घरातल्या गॅसच्या नळीची तारीख आपण पाहतो हो.

आता पैशाकडे येऊ, कारण मुद्दा तिथेच अडतो. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने मलेशिया, चीन आणि ऑस्ट्रेलिया यांनी मिळून समुद्राचा तळ शोधला. सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला सगळा कोकण विभाग चार वेळा. सरासरी चार किलोमीटर पाण्याखाली, काळोखात. या सगळ्याला सुमारे वीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, तेव्हाच्या भावाने हजार कोटी रुपयांच्या आसपास. फार वाटतात ना? त्याच जातीच्या एका नव्या विमानाची छापील किंमत याहून जास्त होती. एक विमान विकत घ्यायला परवडतं, ते कुठे गेलं हे पाहायला परवडत नाही.

माझा खरा राग आहे तो जानेवारी २०१७ वर. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच वाहतूक सुरक्षा मंडळाने तज्ज्ञ बसवून सांगितलं की आपण शोधलं तिथे विमान नाही, जरा उत्तरेला आणखी २५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा पाहायला हवा. सरकारांनी काय म्हणावं? नेमकी जागा सांगा, मग पाहू. नेमकी जागा माहीत असती तर त्याला शोध कशाला म्हटलं असतं? आणणं म्हटलं असतं! १७ जानेवारी २०१७ ला काम थांबवलं.

इथे भाचा मला अडवणार, कारण तोही वाचतो. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी नावाच्या खासगी कंपनीने तो पट्टा आणि त्यापलीकडचाही खूप मोठा भाग, मिळून लाखाहून अधिक चौरस किलोमीटर, धुंडाळला. काही मिळालं नाही. “मग सरकारं बरोबरच होती की आत्या!” नाही रे बाबा. ती जागा रिकामी आहे हे २०१७ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं, सरकारांनाही नाही. ती रिकामी आहे हे पाहिल्यावरच कळलं. गणितात एक उत्तर चूक निघालं म्हणून कोणी वही मिटायला सांगत नाही. आणि हे पाहण्याची जोखीम कोणी घेतली? सापडलं नाही तर एक पैसाही नको, अशा बोलीवर एका कंपनीने. कंपनीचं मी कौतुकच करते. पण २३९ माणसांचं काय झालं हे शोधणं सरकारांनी पैजेवर सोडून द्यावं? मार्च २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी पुन्हा तसाच करार केला: १५,००० चौरस किलोमीटर, सापडलं तर सात कोटी अमेरिकन डॉलर, नाहीतर शून्य. एप्रिलमध्ये हवामानामुळे काम थांबलं आणि डिसेंबर २०२५ अखेर पुन्हा सुरू करण्याचं जाहीर झालं. एवढ्या वर्षांनंतरही अट तीच.

नातेवाइकांनी काय केलं तेही सांगते. २४ मार्च २०१४ ला त्यांतल्या अनेकांना मोबाईलवर संदेश आला की कोणीही वाचलेलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने अधिकृतपणे अपघात जाहीर केला, सर्व मृत धरले. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या माणसांना पंखाचा तुकडा सापडला आणि तो याच विमानाचा निघाला. म्हणजे तुकडे आफ्रिकेच्या बाजूला वाहत येतायत हे उघड झालं. मग किनाऱ्यांवर माणसं लावून शोध घ्यायचा की नाही? एक अमेरिकन वकील पदरच्या पैशाने मोझांबिकला गेला आणि त्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये एक तुकडा मिळाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात काही नातेवाईक स्वतः मादागास्करच्या वाळूत फिरले. आपल्या माणसाच्या विमानाचे तुकडे आपणच वेचायचे! ‘पुरे आता’ हे त्यांना जाऊन सांगायची कुणाची छाती आहे?

वैमानिकानेच केलं, अमक्या देशाने पाडलं, तमक्या बेटावर उतरवलं, हे व्हिडिओ मलाही येतात. कृपया पाठवू नका. वैमानिकाच्या घरच्या सिम्युलेटरवर हिंदी महासागरातल्या जागा मिळाल्या हे खरं आहे. पण जुलै २०१८ च्या मलेशियाच्या अहवालाने त्याला दोषी ठरवलेलं नाही, कारण सांगता येत नाही असं लिहिलं आणि तिसऱ्याच कुणाचा हात असण्याची शक्यताही नाकारली नाही. त्या अहवालानंतर मलेशियाच्या नागरी विमान खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, तो नियंत्रकांच्या ढिलाईसाठी. एका मेलेल्या माणसावर, त्याच्या बायकामुलांसकट, आपण रोज फोनवर खटला चालवतो. पुरावा समुद्राच्या तळाशी आहे आणि तो काढायला नको म्हणणारेही आपणच.

आपल्याकडचंही एक सांगायचं राहिलं. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. २९ माणसं. मोठा शोध झाला, काही मिळालं नाही, घरच्यांना मृत धरा म्हणून कळवलं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या पाणबुडी यंत्राने किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल, अवशेषांची छायाचित्रं घेतली. साडेसात वर्षांनी. त्या दिवशी आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त हवाई दलवाल्यांच्या घरी पेढे नव्हते वाटले, पण दोघं नवराबायको दिवसभर टीव्हीसमोरून उठले नाहीत.

नियमांचं म्हणाल तर आता झाले आहेत. पेट्यांचा आवाज नव्वद दिवस. समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचा ठावठिकाणा २०१८ च्या नोव्हेंबरपासून निदान दर पंधरा मिनिटांनी कळायला हवा. संकटात असताना दर मिनिटाला आपोआप कळवायची सोय मात्र फक्त २०२४ पासून नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या विमानांना सक्तीची आहे. जुनी विमानं आणखी वीस-वीस वर्षं उडणार आहेत, आणि तुमची-आमची मुलं अमेरिकेहून दिवाळीला येतात ती बहुतेक त्यांतूनच. पंधरा मिनिटांत असं विमान सव्वादोनशे किलोमीटर जातं. सरळ रेषेत मोजलं तर मुंबईहून साताऱ्याच्या पुढे, कराडच्या अलीकडे कुठेतरी.