विझलेल्या दिव्याची विल्हेवाट

दिवाळीच्या झाडलोटींत पिंपरी-चिंचवडच्या घरांतील माळ्यांवरून जुने सीएफएल दिवे हमखास निघतात. ते रोजच्या केरांत टाकूं नयेत, अशी गृहिणींस आमची आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक दिव्यांत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो. म्हणूनच २०१६ सालीं ई-कचऱ्याच्या नियमांत त्यांचा समावेश झाला. घंटागाडींत दिवा फुटला कीं पाऱ्याची वाफ प्रथम सफाई-कामगारांच्या श्वासांत जाते. उरलेला पारा मोशीच्या कचराडेपोंत पोहोंचतो. दिवा पुठ्ठ्यांत गुंडाळून ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रास द्यावा. घरांत फुटल्यास खिडक्या उघडून मुलांसह १५ मिनिटें खोलीबाहेर थांबावें. केरसुणी न लावतां जाड कागदानें तुकडे उचलून बरणींत बंद करावे व बरणी त्याच केंद्रास द्यावी. आपल्या घरच्या उजेडाचें मोल दुसऱ्याच्या आरोग्यानें चुकवूं नये.