नाव, गाव आणि साल



१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे पोट त्यावरच चाले. १८५२ पर्यंत भूक व रोगराईने सुमारे १० लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली. बहुतेकांनी अमेरिका गाठली. घरोघरी ताटातूट झाली.

अमेरिकेतल्या बोस्टनचे ‘पायलट’ हे साप्ताहिक १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती छापत होते. नाव, जिल्हा, देश सोडल्याचे साल, उतरलेले बंदर, कामधंदा, एवढाच मजकूर. बहीण भावाला शोधी, बायको नवऱ्याला.

पुढे १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद राख झाले. मजुरांनी छापून घेतलेल्या चार ओळी मात्र उरल्या. आज त्यांचे वंशज त्यांतूनच मूळ गाव शोधतात.

आम्हांला वाटते, सरकारी दप्तरावर सारी भिस्त ठेवू नये. आपला आजा कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कामाला निघाला, हे म्हातारी माणसे आहेत तोवर विचारा. वहीत लिहा. ती वही लेकीसुनांनाही वाचू द्या.