जबाबदारी मागितली, हा गुन्हा झाला का?

माननीय साहेब,



हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं असतं तर बाकीच्या कागदांखाली गेलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. खाल्ल्या मिठाला जागून तुमचं किंवा कंपनीचं नाव घेत नाही; पण दुखावले आहे, हे लपवणारही नाही.

डोंबिवली एमआयडीसीतल्या आपल्या रेझिनच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. गेल्या पावसाळ्यात केबिनमध्ये येऊन मी म्हटलं होतं, रसायनांच्या साठवणुकीची आणि मॉक ड्रिलची जबाबदारी माझ्याकडे द्या. पगारवाढ मागितली नव्हती, हुद्दाही नाही. तुम्ही हसलात. "मॅडम, तुम्ही आपलं स्टोअर बघा. नसती उठाठेव कशाला?"

कशाला, ते सांगते. एमईकेपी या हार्डनरचे कॅन आणि कोबाल्ट या अ‍ॅक्सिलरेटरचा डबा एकाच रॅकवर, हातभर अंतरावर ठेवलेले होते. रेझिनमध्ये दोन्ही लागतात, पण एकामागून एक. थेट एकमेकांत मिसळले तर भडकाच. ओल येऊन कोबाल्टचं लेबल सुटलं होतं आणि नवा हेल्पर झाकण उघडून, वास घेऊन आत काय आहे ते ओळखू पाहत होता. मी तो डबा दुसऱ्या खोलीत हलवला, त्यावर मार्करनं ठळक नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला: परवानगीशिवाय माल हलवला.

पुढे ती जबाबदारी तुम्ही दिलीत, पण ठाण्याच्या ऑफिसात बसणाऱ्या साहेबांना. ते महिनाअखेरीस येतात, केबिनमध्ये चहा घेत चेकलिस्टवर सह्या करतात आणि लोकलला गर्दी व्हायच्या आत निघतात. त्यांच्यावर माझा राग नाही. रॅकपाशी दिवसभर उभ्या असलेल्या बाईला साधं विचारावंसंही तुम्हाला वाटलं नाही, हे मला लागलं.

आपल्याच एमआयडीसीत 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, 23 मे 2024 ला अमुदान कंपनीत. दोन्ही वेळा कामगार जिवानिशी गेले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मग धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. हलतील तेव्हा हलतील. तोवर आम्ही याच शेडमध्ये राबतो आणि सुटल्यावर याच गावात घरी जातो.

आणि मी मागितलं ते जगावेगळं नव्हतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, ती याचसाठी. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी आणि तीत कामगार व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, असं त्यात आलं. आपल्याकडे ती समिती नोटीस बोर्डावर आहे. तिची बैठक कधी होते, हे त्यावर नाव असलेल्या कामगारांनाही ठाऊक नाही.

साहेब, काम टाळणाऱ्याला मेमो द्या, मी समजू शकते. अंगावर काम घ्यायला आलेल्या माणसाला मेमो दिलात, की बाकीचे शहाणे होतात. आता गळका कॅन दिसला तरी हेल्पर म्हणतात, "आपल्याला काय करायचंय?" कारखान्यात याहून घातक वाक्य नाही.

माझा मेमो मागे घ्या किंवा फाइलमध्ये राहू द्या, तुमची मर्जी. मात्र ती समितीची बैठक या महिन्यात बोलवा, केबिनमध्ये नको, स्टोअरमध्ये. आणि चेकलिस्टवर सही त्यानंच करावी, ज्यानं रॅक डोळ्यांनी पाहिला आहे.

आपली,
स्टोअरमधली एक कर्मचारी