मत यंत्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय?

१९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक आठवा. मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. पराभव साडेचौदा हजारांचा, पण त्याच मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली होती. तेव्हा प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. मते मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. तो यशस्वी झाला नाही. परंतु संविधानाच्या शिल्पकाराला मोजणीबद्दल संशय आला तेव्हा ते आकडा हातात घेऊन कायद्याच्या दारात गेले, ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये.

आज पिंपरीच्या आंबेडकर चौकात किंवा चाकणच्या तळेगाव चौकात चहाच्या टपरीवर उभे राहा. 'आपण मत दिलं एकाला, गेलं दुसऱ्याला' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. २०२४ च्या विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो प्रयत्न थांबला. आमचे म्हणणे असे की, संशय घेणे हा गुन्हा नाही. मालकाने हिशेब मागितला तर कारकुनाने रागावण्याचे कारण काय? आणि लोकशाहीत मालक मतदार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेकडे परतण्याची आणि व्हीव्हीपॅटच्या सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. यंत्राच्या तपासणीची एक वाट मात्र दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केली, तर विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रे तपासता येतील. त्यासाठी आयोगाने २०२४ मध्ये एका संचामागे ४० हजार रुपये आणि वर कर असे शुल्क ठरवले होते. वर्गणीवर निवडणूक लढवणाऱ्या आमच्या उमेदवाराने हे पैसे आणायचे कुठून? चिठ्ठ्यांची पडताळणी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांचीच होते. मावळ लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रे, म्हणजे सुमारे अडीच हजार केंद्रांपैकी तीस. चिठ्ठी छापली जातेच, तर ती मोजायला हरकत कसली? ही मागणी चळवळीने सोडू नये.

पण सगळा राग यंत्रावर काढून आपण मोकळे होणार असू, तर ती स्वतःची फसवणूक ठरेल. या औद्योगिक पट्ट्यात मोठी चोरी यंत्राच्या अलीकडेच होते.

१३ मे २०२४ रोजी मावळ आणि शिरूरमध्ये मतदान झाले. मावळात २५ लाखांवर मतदार आणि मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ११ लाखांहून अधिक नावांपुढे मत पडलेच नाही. निकालातील फरक होता ९६,६१५ मतांचा. ही ११ लाख माणसे सगळी आळशी होती काय? काही मयत असतील, काहींची नावे दुबार असतील. पण बाकीचे कोण? आणि ज्यांचे नाव यादीतच नाही, ते तर या हिशेबातही नाहीत.

महाळुंगे, कुरुळी, खराबवाडीच्या चाळींत एका खोलीत पाच-सहा जण राहणारा कंत्राटी कामगार घ्या. तो बीडचा, लातूरचा, बिहारचा. बीडचे मतदान त्याच १३ मे रोजी होते. त्याचे नाव गावाकडच्या यादीत आणि पोट चाकणच्या शिफ्टमध्ये. गावी जावे तर भाडे आणि रोज दोन्ही बुडतात. इथे नाव घालावे तर घरमालक भाडेकरार द्यायला तयार नाही. कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा त्याचा हक्क आहे, रोजंदारीवाल्याचाही. पण तो नाकारणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये! सैनिकाला टपाली मत आहे, ८५ वर्षांवरील वृद्धाला घरून मत आहे. स्थलांतरित मजुरासाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला आणले, पण २०२४ च्या निवडणुकीत ते आले नाही.

शहरातल्या जुन्या वस्त्यांची कथा वेगळी नाही. मतदानाच्या दिवशी निगडीतील एका केंद्राबाहेर आम्ही उभे होतो. सत्तरीची एक आजी चिठ्ठी घेऊन तीन टेबलांवर फिरली. 'आजी, तुमचं नाव इथं नाही.' 'मागच्या खेपेला तर इथंच दिलं होतं, बाबा.' वस्तीचे पुनर्वसन झाले, आजी इमारतीत गेली आणि नाव मधल्या मध्ये गळाले. तिच्या मताची मोजणी योग्य झाली की अयोग्य, हा प्रश्न कुठल्याही न्यायालयात जाणार नाही. कारण ते मत जन्मालाच आले नाही.

आता मोजणीचे बोलू. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७ क भरतो. त्यात यंत्राचा क्रमांक असतो आणि किती मते नोंदली गेली तो आकडा असतो. हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत देणे नियमाने बंधनकारक आहे. मोजणीच्या टेबलावर हाच कागद ताडून पाहायचा असतो. सकाळी मतदानापूर्वी किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, तेही प्रतिनिधींसमोर. आम्ही विचारतो, आमच्या उमेदवारांचे प्रतिनिधी अडीच हजारांपैकी किती केंद्रांवर शेवटपर्यंत बसले होते? किती प्रती आमच्या हाती आल्या? जिथे आमचा माणूस नव्हता, तिथे काय झाले हे आम्हाला प्रस्थापित पक्षांनी सांगायचे काय? सभेला हजारो जमतात आणि केंद्रावर दिवसभर बसायला माणूस मिळत नाही, हे कटू आहे पण खरे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. चाकणच्या कंत्राटी कामगाराची आर्थिक विषमता आता त्याचे मतही गिळू लागली आहे.

म्हणून आमची सूचना आहे. देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी तिथे जनसागर लोटतो. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मतदार यादीचे लावा. नवे नाव असेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८ तिथेच भरून घ्या. १४ एप्रिलला पिंपरीत हेच करा. भाडेकरार नाही म्हणून अर्ज फिरवला, तर प्रत्यक्ष चौकशीचा आग्रह धरा. बेघर माणसाचेही नाव यादीत घालता येते. तो रात्री कुठे झोपतो हे जाऊन पाहायची जबाबदारी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची आहे. मग कामगाराला नुसते 'कागद आण' म्हणून कसे चालेल? कामगार संघटनांनी पगारी सुट्टीचे पत्र प्रत्येक कंत्राटदाराला आधीच द्यावे. आणि २०२९ पूर्वी प्रत्येक केंद्रासाठी एक प्रशिक्षित कार्यकर्ता तयार करावा, जो १७ क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडणार नाही.

ते कागद हाती असतील, तर यंत्राबद्दलचा आमचा प्रश्न कुणाला हसण्यावारी नेता येणार नाही. नसतील, तर आम्ही पाच वर्षे टपरीवर बोलत राहू आणि निकाल दुसरेच लावत राहतील.